चाक फिरतं, शाफ्ट आराम करतो

नेवाडातला सरळसोट महामार्ग. डॉज रॅम 2500 जातीचा पिकअप ताशी 100 किलोमीटरने चाललाय. पुढे 5.9 लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, मागे घोड्यांचा ट्रेलर. रस्ता कोरडा ठणठणीत असल्यामुळे ड्रायव्हरने फोर-व्हील ड्राइव्ह लावलेलं नाही. गाडी ओढण्याचं काम मागची दोन चाकं करताहेत. पुढच्या चाकांनी फक्त वजन उचलायचं आणि वळायचं.

एवढंच असतं तर बरं होतं. 2003 पासूनच्या काही वर्षांतल्या या ट्रकांमध्ये पुढचं चाक आतल्या ॲक्सल शाफ्टला कायमचं जोडलेलं असतं. त्यामुळे चाक फिरलं की शाफ्ट फिरतो, शाफ्ट फिरला की डिफरन्शिअल फिरतं, डिफरन्शिअलमधला क्राऊन पिनियनला फिरवतो आणि पिनियन आपल्यामागे पुढचा सगळा प्रोपेलर शाफ्ट गरगर फिरवत ठेवतो. हा खटाटोप इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसपर्यंत जातो. तिथे दार बंद. इंजिनाला याचा पत्ताही नाही.

थोडं गणित करू. या ट्रकच्या टायरचा व्यास साधारण 80 सेंटीमीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे 400 फेरे. क्राऊन-पिनियनचं प्रमाण 3.73 धरलं, तर प्रोपेलर शाफ्टचे एका किलोमीटरला जवळजवळ 1,500 फेरे. ताशी 100 च्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्यांनी फिरतो. खुद्द इंजिन त्या वेळी याहून सावकाश फिरत असतं! हजार किलोमीटरच्या प्रवासात पंधरा लाख फेरे झाले आणि त्यातला एकही कुणाच्या उपयोगी पडला नाही.

ही उलटी गंगा चाकापाशीच अडवायची, हे फ्री-स्पिन हबचं काम. चाकाच्या मधोमध मुठीएवढी चकती, तिच्यावर ‘लॉक’ आणि ‘फ्री’ अशा दोन खुणा. चकती एका बाजूला फिरवली की चाक आणि शाफ्ट एकजीव होतात, दुसऱ्या बाजूला फिरवली की चाक आपलं आपण फिरतं आणि आतलं सगळं यंत्र स्वस्थ बसतं.

मग कारखान्याने हे आधीच का नाही केलं? केलं होतं, पण वेगळ्या वाटेने, आणि ती वाट फारच गमतीची आहे. 1994 नंतरच्या रॅममध्ये पुढच्या ॲक्सलचा लांब बाजूचा शाफ्ट मधून दोन तुकड्यांत केलेला असे. दोन तुकड्यांवर सरकणारी एक कॉलर, आणि ती सरकवायला व्हॅक्यूमवर चालणारी छोटी डबी. फोर-व्हील नको असेल तेव्हा कॉलर सरकायची आणि शाफ्टचे तुकडे सुटे व्हायचे. सोडवायची एकच बाजू, तरी प्रोपेलर शाफ्टही थांबायचा. ते कसं? डिफरन्शिअलचा क्राऊन नेहमी दोन्ही बाजूंच्या वेगांच्या सरासरीने फिरतो. एका बाजूचा शाफ्ट पुढे फिरतोय आणि दुसऱ्या बाजूला मोकळा तुकडा आहे. जड क्राऊन, पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट फिरवण्यापेक्षा या हलक्या मोकळ्या तुकड्याला उलटं फिरवणं सोपं. म्हणून तो तुकडा तितक्याच वेगाने उलटा फिरतो, सरासरी शून्य होते आणि क्राऊन जागच्या जागी राहतो. गाडी पुढे धावतेय आणि तिच्या पोटात पोलादाचा एक दांडा मागे धावतोय. हे पहिल्यांदा कळलं की डिफरन्शिअल या वस्तूबद्दल आदरच वाटू लागतो.

2003 च्या नव्या ॲक्सलमधून ही व्यवस्था गेली. सुटे भाग कमी झाले, व्हॅक्यूमच्या नळ्या फुटण्याची कटकट गेली, लिव्हर ओढली की फोर-व्हील तयार. चाकाला सीलबंद युनिट बेअरिंगच राहिलं. ते कारखान्यात पटकन बसतं आणि ग्रीसिंग लागत नाही. पण खराब झालं की दुरुस्ती नाही, अख्खं बदलायचं. त्यात कमिन्सचं हे इंजिन सुमारे 500 किलोचं, आणि ते बसलंय नेमकं पुढच्या ॲक्सलवर. मोठे टायर लावून, ट्रेलर ओढून लाखावर मैल चालवणाऱ्या मालकांची इथेच चिडचिड सुरू झाली. पुढे 2013 च्या सुमारास कंपनीने शाफ्ट सोडवण्याची सोय परत आणली, पण मधल्या वर्षांतल्या ट्रकांना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी मग बाजारातलं फ्री-स्पिन हबचं किट.

हे किट घेणारे पहिलं कारण सांगतात ते डिझेलची बचत. माझं मत विचाराल तर हे सगळ्यात लंगडं कारण. फिरणारी वस्तू एकदा वेगाला आली की फुकटात फिरत राहते. खर्च होतो तो घर्षणाचा. बेअरिंगचं घर्षण, ऑइल सीलचं घर्षण आणि सगळ्यात जास्त म्हणजे डिफरन्शिअलमधलं दाट तेल घुसळण्याचं. मोंटानातल्या शून्याखालच्या सकाळी ते तेल काकवीसारखं झालेलं असतं, तेव्हा फरक पडतो. एरवी बचत होते, पण बेताची. दोन हजार डॉलरच्या वर जाणारं किट त्यातून वसूल व्हायला जन्म जाईल.

खरं कारण वळणात सापडतं. पुढचं चाक वळतं, पण शाफ्ट सरळच असतो. म्हणून दोघांच्या मध्ये यू-जॉइंट लागतो, ज्याला आपले मिस्त्री क्रॉस म्हणतात. या सांध्याचा एक जुना दोष आहे. सांधा वाकलेला असताना एका बाजूला एकसारखा वेग दिला, तरी दुसऱ्या बाजूचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. चाक 30 अंश वळवलं, तर चाकाचा वेग 100 धरून शाफ्टचा वेग 87 ते 115 च्या दरम्यान हेलकावे खातो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकला हे ठाऊक होतं. त्यावर दुसरा सांधा जोडण्याचा उपायही त्याला माहीत होता. ट्रकच्या ॲक्सलमध्ये मात्र मजबुती आणि किंमत पाहून एकच क्रॉस ठेवतात. म्हणजे पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून ट्रक वळवताना जडशीळ शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा ढकलावं लागतं आणि दोनदा आवरावं लागतं. हातात जाणवणारी ती थरथर, टायरची ती नाराजी, यातलं बरंचसं इथून येतं. हब ‘फ्री’ केला की क्रॉस स्थिर होतो आणि स्टिअरिंग हलकं वाटू लागतं. पैसे मोजावे तर यासाठी.

जुन्या जीपवाल्यांना यात नवं काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पुढे नुसती ठोकळेबाज ड्राइव्ह फ्लँज होती, चाक आणि शाफ्ट कायम एकत्र. युद्ध संपल्यावर त्या जीपा स्वस्तात बाजारात आल्या आणि लोक त्या रोजच्या रस्त्यावर पळवू लागले. 1948 मध्ये सिॲटल भागात आर्थर वॉर्न यांनी याच जीपांसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. वॉर्न हे नाव आज विंचमुळे जास्त माहीत आहे, पण त्या धंद्याचा पाया हबचा. विलीज जीप त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात जुळू लागली. पुढे मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांवरही फ्री-व्हीलिंग हब आले. तेव्हा सह्याद्रीच्या घाटवाटांवर जुनी जिप्सी चालवलेल्या माणसाला चाकावरची ही चकती ओळखीची वाटली तर नवल नाही.

आता हात काळे करू. रॅमला हे किट बसवणं म्हणजे एक भाग काढून दुसरा लावणं नव्हे. चाक ज्या पद्धतीने टेकलेलं असतं ती पद्धतच बदलते. ट्रक उचलून भक्कम स्टँडवर घ्यायचा. आठ नटांचं चाक काढायचं. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगायचा. होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. मग डिस्क, मग शाफ्टच्या टोकाचा मोठा नट. एबीएसच्या सेन्सरची वायर जपून बाजूला घ्यायची. शेवटी युनिट बेअरिंगला नकलमध्ये, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागात, पकडून ठेवणारे मागचे चार बोल्ट.

आणि इथे गाडी अडते. बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रांतातला ट्रक असेल तर पोलादी बेअरिंग आणि नकल गंजाने जणू वेल्ड झालेले असतात. घण मारा, तापवा, शिव्या द्या, हलत नाही. यावर तिथल्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे आणि मला ती या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, चारपाच आटे बाहेर आणून ठेवायचा. त्याचं डोकं आणि ॲक्सलचं हाऊसिंग यांच्या फटीत सॉकेटचं एक्स्टेन्शन आडवं धरायचं. इंजिन चालू करायचं आणि स्टिअरिंग हळूहळू वळवायचं. पॉवर स्टिअरिंगचं हायड्रॉलिक्स नकलला फिरवतं, बोल्टचं डोकं एक्स्टेन्शनवर दाबलं जातं आणि बेअरिंग मागून ढकललं जातं. एकदा या बोल्टवर, एकदा समोरच्यावर. ठप्प असा आवाज येतो आणि दहा वर्षांचा गंज सुटतो. ट्रकनेच स्वतःचा दात उपटलेला असतो. हे करताना बोटं फटीपासून लांब, हे सांगायला नकोच.

त्यानंतर अख्खा शाफ्ट क्रॉससकट बाहेर ओढायचा. आतल्या ऑइल सीलवर स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचे दाते, घासू द्यायची नाही, नाहीतर आठवड्याने ॲक्सल गळायला लागतो. क्रॉस दाबून काढायचा, बाहेरचा जुना तुकडा टाकून किटमधला नवा बसवायचा.

युनिट बेअरिंगच्या जागी आता स्पिंडल येतो, म्हणजे नकलला बोल्टने पक्की केलेली, न फिरणारी पोकळ नळी. शाफ्ट हिच्या आतून जातो. चाकाचा हब हिच्या बाहेरून दोन टेपर बेअरिंगवर फिरतो. सगळा भार स्पिंडल घेतो, शाफ्टवर वजन अजिबात येत नाही. कारखान्याच्या जोडणीत शाफ्टच्या टोकाचा नटच युनिट बेअरिंगला आवळून धरतो. त्यामुळे शाफ्ट मोडला तरी त्याचं टोक तिथे ठेवावंच लागतं. नव्या जोडणीत शाफ्ट मोडला तर हब ‘फ्री’ करायचा आणि मागच्या चाकांवर घरी यायचं.

टेपर बेअरिंगचं ग्रीसिंग हाताने करायचं. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, रोलरांच्या मधून पलीकडे ग्रीस वर येईपर्यंत. वरून नुसतं चोपडलेलं ग्रीस दिसायला छान, पण आतले रोलर कोरडे राहतात. मग स्पिंडलचा नट. तो आधी हब फिरवत फिरवत घट्ट आवळतात, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग सैल करतात, मग किटवाल्याने दिलेल्या मापाला हलकेच परत आवळतात, त्यावर लॉक वॉशर आणि दुसरा नट. सैल राहिला तर चाक डुगडुगतं, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. सांगितलेल्या मापाबाबत इथे हुशारी करू नये.

सगळ्यात शेवटी लॉकिंग हब. त्याचं बाहेरचं अंग चाकाला गुंतलेलं, आतला दातेरी तुकडा शाफ्टच्या स्प्लाइनवर, आणि दोघांमध्ये सरकणारी एक दातेरी कडी. चकती फिरवली की कडी आत ढकलली जाते. पण दात समोरासमोर आले नसतील तर? म्हणून मध्ये स्प्रिंग असते. दात जुळेपर्यंत स्प्रिंग दाबलेली राहते. ट्रक वीतभर हलला की खट्ट करून कडी घरात बसते. सर्क्लिप लावायची, झाकणाचे स्क्रू बसवायचे, संपलं.

चाचणी सोपी. चकती ‘फ्री’वर ठेवून हब हाताने गरकन फिरवायचा आणि मागे क्रॉसकडे पाहायचं. तो जागचा हलत नाही. मग ‘लॉक’ करून परत फिरवायचं. क्रॉस फिरतो आणि पलीकडचा हबही लॉक असेल तर बहुधा तो हब उलटा फिरू लागतो. डिफरन्शिअलची तीच जुनी सरासरी.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. महिन्यातून एकदा हब लॉक करून काही किलोमीटर चालवायचं, म्हणजे डिफरन्शिअलचं तेल वर उडतं आणि सील कोरडे पडत नाहीत. आणि चिखलात शिरण्यापूर्वी खाली उतरून दोन्ही बाजूंना जायचं. पावसात हमखास एकच हब लॉक केला जातो. ड्रायव्हर फोर-व्हील लावतो, ॲक्सिलरेटर दाबतो, पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो, ट्रक तसूभर हलत नाही. साध्या डिफरन्शिअलमध्ये जोर पळतो तो जिथे अडवणारं कुणी नाही तिकडे. ‘फ्री’ राहिलेल्या बाजूचा शाफ्ट दुप्पट वेगाने रिकामा फिरत राहतो आणि लॉक केलेलं चाक चिखलात शांत उभं असतं. अशा वेळी बूट काढून दुसऱ्या बाजूला जाण्यावाचून इलाज नाही.