खोट्या पोथीचा खरा लेखक

नगर रस्त्याने पुण्यात शिरलं की येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत लागते. परदेशात राहून अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणारे भारतीय लेखक आज बरेच आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या इमारतीत उलटाच प्रकार चालला होता. इथला एक इंग्रज प्राध्यापक घरापासून हजारो मैलांवर बसून चक्क ‘प्राचीन संस्कृत’ कथा रचत होता!

फ्रान्सिस विल्यम बेन. जन्म 1863, शिक्षण ऑक्सफर्डचं. 1892 मध्ये ते डेक्कन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायला आले आणि 1919 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांचं ‘अ डिजिट ऑफ द मून’ इंग्लंडात प्रसिद्ध झालं. प्रस्तावनेत बेनसाहेब सांगतात की हे पुस्तक आपलं नव्हेच. पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं असताना एका म्हाताऱ्या ब्राह्मणाने आपल्याकडे एक पोथी सोपवली. चंद्राच्या कला सोळा, तसे त्या पोथीचे भागही सोळा, आणि त्यातल्या एकाचा हा अनुवाद.

आत काय आहे? राजा सूर्यकांत राजकन्या अनंगरागेच्या प्रेमात पडतो. तिचा पण असा, की मला उत्तर देता येणार नाही असा प्रश्न जो विचारील त्यालाच मी वरीन. मग राजाचा मित्र रसकोश रोज एक गोष्ट सांगतो, शेवटी कूटप्रश्न टाकतो, आणि राजकन्या तो चुटकीसरशी सोडवते. वेताळपंचविशी लहानपणी वाचलेल्या मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. वेताळ प्रेतात नव्हे, दरबारात बसलाय, इतकंच! सोमदेवाच्या कथासरित्सागराचा टॉनीने केलेला इंग्रजी अनुवाद 1880 च्या दशकातच निघाला होता, त्यामुळे शंकराने पार्वतीला गोष्ट सांगण्याची चौकट विलायतेतही नवी नव्हती. बेननी ती उचलली, वर तळटीपा दिल्या, आरंभी देवाला वंदन केलं. बेमालूम काम!

आणि धाडस तरी केवढं. बेन शिकवत होते त्याच कॉलेजात तेव्हा सरकारने गोळा केलेल्या हजारो खऱ्या हस्तलिखितांचा संग्रह होता. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांच्यासारख्या संस्कृत पंडितांनी गावोगावहून मिळवलेला. 1918 मध्ये तो पुण्यातल्याच भांडारकर संस्थेकडे गेला. म्हणजे अस्सल पोथ्यांच्या शेजारी बसून हा गृहस्थ नसलेल्या पोथीचे भाग एकामागून एक छापत होता. ‘द डिसेंट ऑफ द सन’, ‘अ हेफर ऑफ द डॉन’ असं करत 1919 पर्यंत तेरा पुस्तकं झाली. शंका पुष्कळांना आली, पण पोथी काही कोणाच्या दृष्टीस पडली नाही. अखेर या कथा बेन यांच्याच, असं मानलं गेलं.

भाषा कधीकधी अतिगोड होते. कमलनयना आणि चंद्रमुखींची इतकी दाटी, की मध्येच ताक प्यावंसं वाटतं. पण कथेत कथा गुंफण्याची हातोटी अव्वल आहे. बेन 1940 मध्ये वारले आणि हळूहळू विस्मरणात गेले. पुण्यानेही त्यांची फारशी आठवण ठेवलेली नाही, हे मला चमत्कारिक वाटतं.

त्यांची पुस्तकं आता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. पहिलं उघडा, आणि प्रस्तावना गाळू नका. थापेला तिथूनच सुरुवात होते.