एबनेझर
एबनेझर : हिब्रू भाषेतून आलेले व इंग्रजी भाषक जगात आज विरळ झालेले एक पुरुषनाम. मूळ हिब्रू रूप ‘एवेन हा-एझेर’ असे असून ‘एवेन’ म्हणजे दगड, ‘हा’ हे निश्चयवाचक उपपद व ‘एझेर’ म्हणजे साहाय्य. त्यावरून ‘साहाय्याचा पाषाण’ असा त्याचा अर्थ होतो. बायबलमध्ये हे कोणाही व्यक्तीचे नाव नाही. ते एका दगडाचे व स्थळाचे नाव आहे. ‘एवेन’ हा शब्द हिब्रूत स्त्रीलिंगी आहे, हेही पुरुषनामाच्या संदर्भात लक्षणीय होय. ज्यू समाजात व्यक्तिनाम म्हणून ते रूढ झाले नाही. ‘एझेर’ शब्दाच्याच धातूपासून बनलेली एज्रा, अजऱ्या, एलिएझर ही नावे मात्र ज्यूंमध्ये प्राचीन काळापासून आढळतात. कोकणातील बेने-इस्राएल लोकांतही हा पाषाण उभारणाऱ्या शमुवेलाचे नाव ‘सामाजी’ या रूपाने चालत आले. पाषाणाचे नाव चालले नाही.

हे नाव जुन्या करारातील ‘पहिले शमुवेल’ या ग्रंथात तीन ठिकाणी येते. प्रथम इस्राएली सैन्य एबनेझरजवळ तळ देते; पलिष्ट्यांकडून त्याचा दारुण पराभव होतो आणि कराराचा कोश शत्रूच्या हाती पडून अश्दोद येथे नेला जातो (अध्याय ४ व ५). पुढे पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यानंतर शमुवेल मिस्पा व शेन यांच्या दरम्यान एक दगड उभारतो आणि देवाने येथवर साहाय्य केले, म्हणून त्यास हे नाव देतो (७·१२). म्हणजे नामकरणाची कथा येण्यापूर्वीच ते नाव पराभवाच्या कथेत आलेले आहे. ही दोन भिन्न स्थळे असावीत, किंवा पराभव व विजय यांची सांगड घालण्यासाठी निवेदकाने तेच नाव योजिले असावे, असे अभ्यासक मानतात. अफेकजवळील इझबेत सार्ता या टेकाडाशी पहिल्या स्थळाचा संबंध जोडण्यात आला आहे. तेथील उत्खननात १९७६ मध्ये प्राचीन वर्णमाला कोरलेले खापर मिळाले. तथापि स्थळनिश्चिती सर्वमान्य नाही.

दगडाचे नाव माणसास मिळाले, यामागे भाषांतराचा वाटा मोठा आहे. जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये या नावाचे ‘साहाय्याचा पाषाण’ असे शब्दशः भाषांतर केलेले असल्याने मूळ उच्चार तेथे उरला नाही. १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात तो कायम राहिला. संतांची नावे टाळून बायबलमधील शब्द मुलांना देण्याची प्रथा प्युरिटन व तत्सम प्रॉटेस्टंट पंथीयांत सतराव्या शतकात बळावली, तीतून हे नाव पुढे आले. त्यांच्या दृष्टीने त्यात कृतज्ञतेची नोंद होती. उपासनामंदिरांनाही ते देण्यात आले. उत्तर वेल्समधील डेन्योलेन हे खेडे पूर्वी तेथील मंदिरावरून एबनेझर म्हणून ओळखले जाई. रॉबर्ट रॉबिन्सन याच्या १७५८ मधील प्रसिद्ध स्तोत्रात हा शब्द आहे. परंतु तो दुर्बोध वाटू लागल्याने पुढील अनेक स्तोत्रसंग्रहांत ती ओळच बदलण्यात आली.

स्कॉटलंडमध्ये १७३३ साली स्वतंत्र चर्च स्थापण्यात पुढाकार घेणारा एबनेझर अर्स्किन (१६८०–१७५४), फुटबॉल असोसिएशनचा पहिला सचिव एबनेझर कॉब मॉर्ली (१८३१–१९२४) व उद्याननगरीच्या कल्पनेचा प्रवर्तक एबनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) हे या नावाचे उल्लेखनीय धारक होत. तथापि चार्ल्स डिकिन्सच्या ‘ए ख्रिसमस कॅरल’ (१८४३) या कथेतील एबनेझर स्क्रूज या कृपणाने त्या सर्वांस मागे टाकले. कोणासही साहाय्य न करणाऱ्यास हे नाव मिळावे, हा विरोधाभास हिब्रू जाणणाऱ्याच्याच ध्यानी येईल. आर. एल. स्टीव्हन्सनच्या ‘किडनॅप्ड’ (१८८६) मधील कंजूष चुलताही एबनेझरच आहे. स्क्रूज कथेच्या अखेरीस उदार होतो, पण लोकस्मृतीत राहिला तो आरंभीचा.

घाना व नायजेरियात मात्र हे नाव आजही सर्रास ठेवले जाते. घानाचे राजकारणी एबनेझर अको-अज्जेई (१९१६–२००२) व नायजेरियन गायक एबनेझर ओबे (जन्म १९४२) ही त्याची उदाहरणे होत. तमिळनाडूतील प्रॉटेस्टंट कुटुंबांतही ते रूढ आहे. तमिळ ख्रिस्ती भक्तिगीतांत तर ‘साहाय्यकर्ता’ या अर्थी देवालाच या नावाने हाक मारण्यात येते.