शहरी बोगदाकामातील जमीन व इमारतींचे निरीक्षण

शहराखाली भुयारी रेल्वे, रस्ता किंवा जलवाहिनीसाठी बोगदा खोदला जात असताना भोवतालची जमीन, भूजल आणि इमारती यांच्यात होणाऱ्या बदलांचे सातत्याने केलेले मापन म्हणजे बोगदाकामातील निरीक्षण होय. हालचाल घातक ठरण्यापूर्वी ती ओळखणे आणि त्यानुसार खोदकामाची पद्धत बदलणे किंवा काम थांबवणे, हा त्याचा उद्देश असतो.

जमीन खचण्याची कारणे

खोदकामामुळे मोकळ्या झालेल्या जागेकडे भोवतालची माती सरकते. त्यामुळे बोगद्याच्या आकारमानापेक्षा थोडी अधिक माती बाहेर काढली जाते. या जादा मातीचे बोगद्याच्या घनफळाशी असलेले प्रमाण म्हणजे 'घनफळ-घट'. तिचा परिणाम म्हणून भूपृष्ठावर पसरट खळगा तयार होतो. तो बोगद्याच्या मध्यरेषेवर सर्वांत खोल असतो व दोन्ही बाजूंना उथळ होत जातो. या खळग्याचा आडवा छेद घंटेच्या आकाराच्या वक्राने दाखवता येतो, असे अमेरिकी अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडले. उदा., चिकणमातीत २० मीटर खोलीवर ६ मीटर व्यासाचा बोगदा खोदताना घनफळ-घट १ टक्का असल्यास मध्यरेषेवर जमीन सुमारे ११ मिलिमीटर खचते आणि खळगा प्रत्येक बाजूस २५ ते ३० मीटरपर्यंत पसरतो. घट दुप्पट झाल्यास खचणेही दुप्पट होते.

बोगद्यात पाणी झिरपून भूजलाचा दाब कमी झाल्यास मातीचे थर दबतात. असे खचणे अधिक दूरवर पोहोचू शकते आणि चिकणमातीत ते दीर्घकाळ चालू राहते.

इमारतींवरील परिणाम

संपूर्ण इमारत सारख्या प्रमाणात खचल्यास भिंतींना फारशी इजा होत नाही. एक भाग दुसऱ्यापेक्षा अधिक खचला, तर मात्र भिंतींवर ताण येऊन तडे पडतात. ब्रिटिश अभियंते जॉन बर्लंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणात हानीच्या ० ते ५ अशा श्रेणी आहेत. त्यात सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत रुंदीचे तडे सौम्य, तर १५ मिलिमीटरहून रुंद तडे गंभीर मानले जातात.

मापनाची साधने

* अचूक तलमापन व स्वयंचलित टोटल स्टेशन : भूपृष्ठावरील खुणा आणि भिंतींवर बसवलेले प्रिझम यांचे स्थान मोजणे.
* इन्क्लिनोमीटर : जमिनीच्या आत होणारे आडवे सरकणे मोजणे.
* एक्स्टेन्सोमीटर : वेगवेगळ्या खोलींवरील थरांचे खचणे मोजणे.
* पिझोमीटर : भूजलाचा दाब मोजणे.
* कलमापक व तडामापक : इमारतीचा कल आणि तड्यांची रुंदी मोजणे.

उष्णतेमुळे व ऋतुबदलामुळे इमारती एरवीही किंचित हलतात. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी काही काळ मोजमापे घेऊन पूर्वस्थिती निश्चित केली जाते आणि आधीच असलेल्या तड्यांची छायाचित्रांसह नोंद ठेवली जाते.

मर्यादा व निर्णयप्रक्रिया

प्रत्येक मोजमापासाठी चढत्या क्रमाने इशारा-पातळ्या ठरवल्या जातात. पहिली पातळी ओलांडल्यास मापनाची वारंवारता वाढवली जाते, पुढच्या पातळीवर पूर्वनियोजित उपाय योजले जातात आणि अंतिम पातळीवर काम थांबवले जाते. एखाद्या आकड्याइतकाच त्याच्या वाढीचा वेगही महत्त्वाचा असतो. प्रत्येक पातळीवर कोणी, किती वेळात आणि कोणती कृती करायची हे आधी ठरलेले नसेल, तर मोजमापे उपलब्ध असूनही अपघात टळत नाही.

उल्लेखनीय प्रकरणे

लंडनच्या हीथ्रो विमानतळाखालील बोगदे ऑक्टोबर १९९४ मध्ये कोसळले. सुदैवाने कोणीही जखमी झाले नाही. धोक्याचे संकेत मोजमापांत असूनही त्यांचा योग्य अर्थ लावला गेला नाही, असे चौकशीत आढळले.

याच दशकात लंडनमध्येच ज्युबिली मार्गिकेच्या वेस्टमिन्स्टर स्थानकाचे काम 'बिग बेन' घड्याळाच्या मनोऱ्यालगत झाले. मनोऱ्याचा कल सतत मोजून, गरजेनुसार त्याच्या पायाखालील मातीत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरण्यात आले. त्यामुळे कल नियंत्रणात राहिला.

सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतचे मेट्रोचे खोल खोदकाम कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. हे वरून खणून नंतर झाकण्याच्या पद्धतीचे काम होते. मोजमापे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर नव्याने गणित करून मर्यादाच वाढवण्यात आली होती.

कोलकात्याच्या बऊबाजार भागात ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या बोगद्यात भूजल शिरून जमीन खचली. अनेक जुन्या इमारतींची हानी झाली आणि शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली.

मुंबईची ३३.५ किलोमीटर लांबीची मेट्रो मार्गिका ३ दक्षिण मुंबईतील जुन्या दगडी वारसा इमारतींजवळून जाते. कठीण खडकातील खोदकामात खचण्याबरोबरच कंपनांचाही विचार करावा लागतो, म्हणून अशा ठिकाणी कंपनमापनही आवश्यक ठरते.