‘कोरोना बॅच’ : एका लांच्छनाची शहानिशा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या मुलखात गेली काही वर्षे एक शब्दप्रयोग लग्नाच्या पंगतीपासून पतसंस्थेतील मुलाखतीच्या दालनापर्यंत इतक्या सहजपणे उच्चारला जातो, की आपण एका तरुण माणसाच्या दोन-तीन वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवीत आहोत याची जाणीवही उच्चारणाऱ्याला उरलेली नसते. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘कोरोना बॅच’. ‘हा कोरोना बॅचचा, परीक्षा न देताच पास झालेला,’ असे एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाने म्हणावे, भोवतालच्या चौघांनी मान डोलवावी, आणि ज्याच्याविषयी हे बोलले गेले त्या मुलाने मुकाट्याने ताटातला भात चिवडीत बसावे, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. आणि त्या वेळी आपण गप्प राहिलो याची खंत मनात असल्यामुळेच हा प्रपंच मांडीत आहे.

प्रथम २०२० हे साल घेऊ, कारण या प्रवादातील पहिली चूक म्हणजे दोन निरनिराळ्या वर्षांची केलेली सरमिसळ. २५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी अमलात आली, तेव्हा महाराष्ट्र मंडळाची बारावीची परीक्षा पार पडलेली होती. कर्नाटकात पीयूसी द्वितीय वर्षाचा, म्हणजे बारावीचा, इंग्रजीचा एकच पेपर राहिला होता, आणि तोही १८ जून रोजी मुखपट्ट्या बांधून, अंतर राखून, रीतसर घेण्यात आला, ज्याचा निकाल १४ जुलैस लागला. त्याच जुलैच्या ३० आणि ३१ तारखांस कर्नाटकाची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, झाली, आणि ती इतक्या कसोशीने की, ज्यांना प्रत्यक्ष संसर्ग झाला होता अशा उमेदवारांनाही स्वतंत्र व्यवस्थेत बसवून त्यांच्याकडून पेपर लिहून घेण्यात आले. तेव्हा २०२० मध्ये महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात पाऊल ठेवलेला विद्यार्थी परीक्षेविना आला, हे विधान कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडेही खोटे आहे आणि पलीकडेही खोटे आहे. हे मी कितीदा सांगितले असेल याची गणती नाही, आणि दर वेळी समोरून तेच उत्तर येते : ‘असेल, पण तेव्हा सगळे पासच झाले होते ना?’

सगळे पास झाले ते २०२१ मध्ये, आणि तेही कसे, हे पाहण्याची तसदी घ्यावयास हवी. दुसऱ्या लाटेत त्या वर्षीची पीयूसी द्वितीय वर्षाची परीक्षा रद्द झाली, हे सत्य आहे. नियमित विद्यार्थी शंभर टक्के उत्तीर्ण झाले, हेही सत्य आहे. आणि २० जुलै २०२१ रोजी लागलेल्या निकालात २,२३९ जणांना सहाशेपैकी सहाशे गुण पडले, हे पाहून कोणाच्याही भुवया उंचावल्या असतील, तर त्यात मला गैर वाटत नाही. परंतु हे गुण आकाशातून पडले नव्हते. त्यांतील पंचेचाळीस टक्के एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणांवरून, पंचेचाळीस टक्के पीयूसी प्रथम वर्षाच्या गुणांवरून आणि दहा टक्के द्वितीय वर्षाच्या अंतर्गत मूल्यमापनावरून काढलेले होते. आणि या तुकडीच्या नियमित विद्यार्थ्यांनी एसएसएलसी २०१९ मध्ये, तर पीयूसी प्रथम वर्षाची वार्षिक परीक्षा टाळेबंदीच्या आधी, वर्गात बाकावर बसून, स्वतःच्या हाताने लिहिली होती. म्हणजे शंभरातील नव्वद हिस्से दिलेल्या परीक्षांचे आहेत. ज्यांना हा हिशेब मान्य नव्हता, त्यांच्यासाठी त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात प्रत्यक्ष परीक्षेची तजवीजही सरकारने ठेवली होती. महाराष्ट्राने दहावीचे तीस, अकरावीचे तीस आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे चाळीस असे प्रमाण ठरविले, आणि तिकडे ३ ऑगस्टला लागलेला निकाल ९९.६३ टक्के होता. अनुत्तीर्णही काही ठरलेच.

यापुढची गोष्ट आक्षेपकांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून सांगितली जात नाही. एरवी अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी कर्नाटकात पीयूसीचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरण्याची पद्धत. परंतु २०२१ मध्ये पीयूसीचे गुण फुगलेले असू शकतात हे जाणून सरकारने ते बाजूला ठेवले आणि २८ व २९ ऑगस्ट रोजी झालेल्या सीईटीच्याच गुणांवर क्रमवारी लावली. ज्या मुलाला ‘परीक्षा न देता आला’ म्हणून हिणविले जाते, त्याने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला असेल, तर तो केवळ परीक्षेच्याच बळावर आलेला आहे; त्याच्या थोरल्या भावाला निदान पीयूसीच्या गुणांचा आधार होता, याला तोही नव्हता.

आणि तरीही या तुकडीवर अन्याय झाला, तो सरकारदरबारीच. २०२२ मध्ये यांतील सुमारे चोवीस हजार विद्यार्थी पुन्हा सीईटीला बसले, तेव्हा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने इतरांचे पीयूसीचे गुण धरले आणि यांचे मात्र धरले नाहीत, ज्यामुळे त्यांची क्रमवारी कोसळली. विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने प्राधिकरणाची ती भूमिका रद्दबातल ठरविली, आणि पुढे खंडपीठासमोर गुणांच्या समायोजनाचे एक सूत्र मान्य होऊन नवी क्रमवारी लागली. त्या गुणपत्रिकांचे गुण ग्राह्य की अग्राह्य, हा प्रश्न न्यायासनासमोर जाऊन आलेला आहे. पंगतीत बसून तो नव्याने उपस्थित करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला कळत नाही.

पदवीची कथाही अशीच. ‘शेवटच्या वर्षालाही परीक्षा झाली नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे सुशिक्षित लोक मला भेटतात, तेव्हा धीर सुटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत अंतिम वर्षाच्या परीक्षा अनिवार्य ठरविल्या. महाराष्ट्र शासनाने त्या न घेण्याचा निर्णय केला होता; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी न्या. अशोक भूषण यांच्या पीठाने निर्णय दिला की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्यांना परीक्षा पुढे ढकलता येईल, आयोगाकडे मुदतवाढही मागता येईल, परंतु अंतिम परीक्षेविना कोणालाही उत्तीर्ण करता येणार नाही. त्यानंतर परीक्षा झाल्या. परीक्षेविना पुढे गेले ते मधल्या सत्रांचे विद्यार्थी, आणि त्यांच्यासाठीही निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे व निम्मे आधीच्या सत्राचे, असे प्रमाण आयोगाने २९ एप्रिल २०२० लाच सुचविले होते.

हा प्रवाद इतका का रुजला, याचे एक कारण ऑगस्ट २०२१ मधील एका जाहिरातीत सापडते. एका मोठ्या खासगी बँकेच्या मदुराई येथील भरतीच्या जाहिरातीत ‘२०२१ मध्ये उत्तीर्ण झालेले उमेदवार पात्र नाहीत’ अशा अर्थाचा मजकूर छापला गेला आणि त्याचे छायाचित्र देशभर फिरले. तो मजकूर चुकीचा असल्याचे बँकेने लागलीच जाहीर करून कोणत्याही वर्षाचे पदवीधर पात्र असल्याची दुरुस्त जाहिरात काढली; पण आमच्याकडे आजही पहिले चित्रच दाखविले जाते.

आता अन्य गैरसमजांकडे वळू. त्यांना एवढा विस्तार नको.

‘ऑनलाइन शिकला, म्हणजे कॉरस्पॉन्डन्सची पदवी.’ नव्हे. दूरस्थ शिक्षणासाठी आयोगाचे विनियम निराळे आहेत आणि त्या अभ्यासक्रमांची परवानगीही निराळी असते. नियमित महाविद्यालयात नाव असलेल्या विद्यार्थ्याने महामारीमुळे काही महिने घरून तास ऐकले, म्हणून त्याची पदवी बदलत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या डोंगराळ पट्ट्यात ज्या मुलांनी फोनला रेंज मिळावी म्हणून माळ गाठून हे तास ऐकले, त्यांची उपस्थिती तर मी अधिक मोलाची मानतो.

‘फी भरली, म्हणजे अडकलो.’ या समजुतीपायी २०२० मध्ये अनेक कुटुंबांनी मनाविरुद्धचे प्रवेश कायम ठेवले. वास्तविक ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास संपूर्ण शुल्क परत देण्याचा, आणि ३१ डिसेंबरपर्यंत रद्द केल्यास हजार रुपयांहून अधिक न कापण्याचा आयोगाचा स्पष्ट आदेश होता.

‘नव्या धोरणाने चार वर्षे शिकल्याखेरीज पदवीच नाही.’ कर्नाटकाने २०२१-२२ पासून जी रचना आणली, तिच्यात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा होती. चौथे वर्ष ऑनर्ससाठी होते. त्याच वर्षी पदवीला कन्नड सक्तीची झाल्याने मराठी पालकांत जे काहूर उठले, ते मात्र निराधार नव्हते. फक्त त्याची परिणती सांगावयाची राहून जाते. त्या सक्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली.

‘राणी चन्नम्मा विद्यापीठ कालचे, त्याच्या पदवीला किंमत काय?’ हा प्रश्न बेळगावात तरी कोणी विचारू नये. येथील लिंगराज महाविद्यालय १९३३ चे. त्यातून आरंभी बाहेर पडलेल्यांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे, पुढच्या पिढीच्या पदवीवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे, आणि २०१० नंतरच्यांच्या पदवीवर राणी चन्नम्मा विद्यापीठाचे. इमारत तीच, व्हरांडे तेच. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठास १९५६ च्या आयोग-अधिनियमातील कलम २२ ने मिळतो, आणि ते कलम विद्यापीठाचे वय विचारीत नाही.

‘सीमा ओलांडली की दाखले चालत नाहीत’ ही समजूत सर्वांत जुनी, आणि महामारीत ती भयाच्या रूपाने परतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे बहात्तर तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल मागितला जाऊ लागला, तेव्हा निपाणीच्या पालकांना आपल्या मुलाचे महाविद्यालय परदेशात गेल्यासारखे वाटले. कारण निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आहे, आणि गावातले बागेवाडी महाविद्यालय राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या. नाक्यावरचा अहवाल हा प्रवासाचा परवाना होता. त्याचा पदवीच्या मान्यतेशी काडीचाही संबंध नव्हता. कर्नाटकाची पीयूसी उत्तीर्ण झालेल्यास कोल्हापूरकडे जाताना स्थलांतराचा दाखला आणि पात्रता प्रमाणपत्र लागते, ते महामारीपूर्वीही लागत होते.

आणि महाराष्ट्रात आपल्याला परके समजतात, असे जे म्हणतात, त्यांनी तेथील अभियांत्रिकी प्रवेशाची नियमपुस्तिका उघडून पाहावी. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या, आणि त्याच भागातील संस्थेतून दहावी वा बारावी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांचा वर्ग तीत स्वतंत्रपणे नमूद केलेला आहे. त्यासाठी दोन दाखले लागतात : एक सीमाभागातील रहिवासाचा, दुसरा मातृभाषेचा. टाळेबंदीत कचेऱ्या बंद असताना हे दाखले वेळेवर न मिळाल्याने काहींची संधी हुकली. ज्यांच्या घरी या वर्षी कोणी बारावीला आहे, त्यांनी ते निकालाची वाट न पाहता आताच काढून ठेवावेत.