वेग पायाकडे सोपवावा
छोट्या रोटरी टूलला पायाचं पेडल जोडणं ही चैन नाही. चांदीवर कोरताना वेग क्षणाक्षणाला बदलावा लागतो, जास्त वेगात प्लास्टिक वितळतं, आणि हात तर दोन्ही गुंतलेले. घरगुती शिलाई मशीनच्या जोडमोटरचं पेडल इथे चालू शकतं, कारण दोन्हीकडे सहसा कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते; फक्त पेडलची वॅट-क्षमता टूलपेक्षा कमी नको. टूलवर वेगाचं बटण असताना पेडल कशाला, असं कोणी म्हणेल. पण ते फिरवायला बोटं मोकळी हवीत. शिवाय ते इलेक्ट्रॉनिक असेल तर दोन नियंत्रकांचा मेळ बसत नाही. म्हणून एकाच वेगाचं टूल घ्यावं. मंद वेगात आतला पंखाही मंदावतो आणि मोटर तापते, हा आक्षेप मात्र खरा. अधूनमधून ती पूर्ण वेगाने मोकळी फिरवावी.