महाजालावरील बेपत्ता घरे

घरातील एखाद्या जुन्या संगणकाला मोठी हार्ड डिस्क जोडून, तिच्यावर लग्नमुंजींच्या चित्रफिती, वडिलांनी हौसेने ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या नाट्यसंगीताच्या मैफली आणि तीन पिढ्यांची छायाचित्रे एकत्र करावीत, आणि जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारख्या प्रणालीच्या साह्याने तो सारा संग्रह टीव्हीवर वा मोबाइलवर हवा तेव्हा पाहावा, ही सोय आज सामान्य गृहस्थाच्याही आटोक्यात आली आहे. घरच्या वायफायवर हा मीडिया सर्व्हर बिनतक्रार चालतो. परंतु शिक्षणासाठी परगावी गेलेली कन्या तेथून तोच संग्रह उघडू पाहते, तेव्हा सर्व्हर चालू असूनही, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची तजवीज यथास्थित केलेली असूनही, संपर्क होत नाही. अशा वेळी गृहस्थ राउटरला किंवा स्वतःच्या अज्ञानाला दोष देतो. वस्तुतः दोष बहुधा दोहोंचाही नसतो. या अडचणीचे मूळ इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईत, आणि तिच्यावर तात्पुरता म्हणून योजलेल्या पण पुढे कायम होऊन बसलेल्या एका उपायात आहे.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्येक पत्त्यासाठी ३२ बिट मुक्रर झाले आणि त्यायोगे सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची तरतूद झाली. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर त्या काळी दोनशेच्या आसपास संगणक होते, त्यामुळे हा साठा अक्षय्य भासला असल्यास नवल नाही. या रचनेत एक उदार तत्त्व अनुस्यूत होते : जाळ्याला जोडलेला प्रत्येक संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी स्वतःहून संभाषण आरंभू शकेल, आणि दुसऱ्याने आरंभलेले संभाषण स्वीकारूही शकेल. देणारा आणि घेणारा असा श्रेणिभेद त्यात नव्हता. घरचा सर्व्हर ही म्हणूनच आधुनिक टूम नव्हे. त्या मूळ समतेचाच तो एक आविष्कार होय.

साठा पुरणार नाही हे १९९० नंतर स्पष्ट होऊ लागले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी ‘नॅट’ या नावाने आज सर्वत्र रूढ असलेली तोड मांडली, आणि ती अल्पकालीन उपाय म्हणून उपयोगी पडेल, असे आपल्या लेखातच नमूद केले. तिच्या आजच्या रूपाची कल्पना यावी म्हणून एखाद्या मोठ्या कचेरीतील जावक कारकुनाचे उदाहरण घ्यावे. आतील कर्मचाऱ्यांची पत्रे तो कचेरीच्या एकाच पत्त्याने रवाना करतो, प्रत्येकावर जावक क्रमांक घालतो, कोणता क्रमांक कोणाचा हे नोंदवहीत टिपतो, आणि त्या क्रमांकाचा हवाला देऊन आलेले उत्तर योग्य मेजावर पोहोचवतो. राउटर हेच करतो. घरातील उपकरणांना बहुधा १९२.१६८ ने आरंभ होणारे खासगी पत्ते असतात, बाहेर सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो, आणि जावक क्रमांकाचे काम पोर्ट करते. मात्र ज्याची नोंद वहीत नाही असे पत्र बाहेरून आले, तर ते कोणाचे हे कारकुनास कळण्याची सोय नसल्यामुळे ते रद्द होते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्यास दिलेला स्थायी हुकूम : ८०९६ क्रमांकावर जे येईल ते विनाचौकशी जेलीफिनच्या संगणकाकडे द्यावे. या व्यवस्थेवर पुष्कळ वर्षे निर्वाह झाला.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे पाच मोठे गट प्रादेशिक संस्थांना वाटण्यात आले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची संस्था आपल्या शेवटच्या गटावर येऊन ठेपली. तेथून पुढे एका सदस्यास त्या गटातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असे शिधावाटप सुरू झाले. भारतातील इंटरनेटचा प्रचंड विस्तार यानंतरचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील सेवादात्यांची अडचण कळते. त्यांनी ग्राहकाच्या राउटरच्या वरच्या पायरीवर, स्वतःच्या जाळ्यात, आणखी एक नॅट बसवले, ज्याला ‘सीजीनॅट’ म्हणतात, आणि अशा कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवण्यात आला. आता घरच्या कारकुनावर वरिष्ठ कचेरीचा कारकून आहे, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक अपरिचित कुटुंबे नांदत आहेत, आणि त्या वरिष्ठ नोंदवहीत हुकूम लिहिण्याचा अधिकार ग्राहकास नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता या पट्ट्यातला दिसला, अथवा बाहेरच्या संकेतस्थळाने दाखवलेल्या पत्त्याहून तो निराळा निघाला, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ खर्चणे व्यर्थ आहे.

यावर जी हिकमत अभियंत्यांनी शोधली तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. घरचा सर्व्हर आणि परगावचा मोबाइल हे दोघेही प्रथम एका मध्यस्थाकडे जातात, आपण बाहेरून कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर दिसतो हे त्याच्याकडून जाणून घेतात, आणि मग एकाच सुमारास एकमेकांकडे संदेश पाठवतात. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या नोंदवह्यांत जावक नोंदी होतात, आणि प्रत्येकाचा संदेश दुसऱ्याच्या दृष्टीने अपेक्षित उत्तर ठरून आत प्रवेश पावतो. टेलस्केलसारख्या सेवा याच युक्तीवर उभ्या असून, तिच्या तळाशी मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली वायरगार्ड ही सुरक्षित, आटोपशीर प्रणाली आहे. नोंद शिळी होऊन पुसली जाऊ नये म्हणून वायरगार्ड दर २५ सेकंदांनी एक रिकामा संदेश पाठवत राहू शकते. तथापि काही नॅट प्रत्येक गंतव्यासाठी निराळा पोर्ट देतात. तेथे मध्यस्थाने सांगितलेला क्रमांक निरुपयोगी ठरू शकतो आणि सारा प्रवाह परक्या सर्व्हरमार्फत वळवावा लागतो. चित्रपटासारखा भारी ऐवज त्या वाटेने रखडत येतो. सेवादात्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, विकत घेणे हा सरळ मार्ग आहे खरा. पण आपल्याच घरी पोहोचण्यासाठी निराळा आकार भरावा लागावा किंवा तिऱ्हाइताची मध्यस्थी पत्करावी लागावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

खरा उपाय डिसेंबर १९९५ पासून कागदावर आहे. आयपीव्ही६ या प्रोटोकॉलच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने ३४० वर ३६ शून्ये इतके पत्ते संभवतात, आणि प्रत्येक घरातील प्रत्येक उपकरणास स्वतःचा सार्वजनिक पत्ता देणे सहज शक्य होते. या बाबतीत भारत मागासलेला नाही; गूगलच्या मोजणीनुसार येथील निम्म्याहून अधिक वापरकर्ते आयपीव्ही६ ने त्या संस्थेपर्यंत पोहोचतात, आणि त्यात मोबाइल सेवेचा वाटा मोठा आहे. तरीही अडथळे उरतात. राउटरची फायरवॉल बाहेरून आलेला अनाहूत संपर्क अडवते, आणि ते योग्यच आहे. परंतु सेवादात्याने दिलेल्या काही राउटरांत विशिष्ट उपकरणापुरती मुभा देण्याची सोयच नसते. वसतिगृहाचे वायफाय केवळ जुन्या आवृत्तीचे असले, तर नव्या पत्त्याचा उपयोग नाही. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे, घरास दिलेला उपसर्ग, म्हणजे घरातील सर्व पत्त्यांचा समाईक आरंभीचा भाग, वीज जाऊन येताच बदलू शकतो, त्यामुळे डायनॅमिक डीएनएसने नाव व पत्ता यांची जोड पुनःपुन्हा दुरुस्त करावी लागते.

युरोपातील रायप या मंचाने २०१७ मध्येच शिफारस केली आहे, की घरगुती ग्राहकासही न बदलणारा उपसर्ग द्यावा आणि तो निदान २५६ उपजाळी मावतील इतका प्रशस्त असावा. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई नसल्यामुळे आपल्या सेवादात्यांना त्यास नकार देण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. नवी जोडणी घेताना आपण किती एमबीपीएस, एवढेच विचारतो. आयपीव्ही६ मिळेल काय, उपसर्ग स्थिर राहील काय आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये फेरफार करता येईल काय, हेही अर्जावर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.