टायटॅनिकची जबानी

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी टायटॅनिक बुडाली. वाचलेल्या सातशेहून अधिक माणसांना कार्पेथिया बोटीने समुद्रातून उचललं आणि १८ तारखेच्या रात्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरवलं. धक्क्यावर नातेवाइकांची आणि वार्ताहरांची तोबा गर्दी होती. त्या गर्दीतून वाट काढत मिशिगनचे सिनेटर विल्यम आल्डन स्मिथ थेट बोटीवर गेले आणि त्यांनी जे. ब्रूस इस्मे यांना गाठलं. इस्मे हे टायटॅनिकच्या मालक कंपनीचे, व्हाइट स्टार लाइनचे प्रमुख. दुसऱ्या दिवशी वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात सिनेटच्या उपसमितीचं काम सुरू झालं, तेव्हा पहिली साक्ष त्यांचीच झाली.

एवढी घाई करायला कारण होतं. इस्मे यांनी कार्पेथियावरून न्यूयॉर्कच्या कचेरीला बिनतारी संदेश पाठवले होते: सेड्रिक ही आपली बोट थांबवून ठेवा, म्हणजे खलाशांना घेऊन मला लगेच इंग्लंडला परतता येईल. संदेशांखाली सही होती ‘याम्सी’, म्हणजे इस्मे हे नाव इंग्रजीत उलटं लिहून केलेली. हे संदेश अमेरिकन नौदलाच्या हाती लागले होते. टायटॅनिक ब्रिटिश बोट, बुडाली भर समुद्रात, तेव्हा तिच्या खलाशांवर अमेरिकेचा हुकूम एरवी चालला नसता. पण माणूस अमेरिकेच्या भूमीवर असेल तर त्याच्यावर समन्स बजावता येत होतं. स्मिथ यांच्या हातात तेवढंच होतं आणि त्यांनी ते पुरेपूर वापरलं. ८२ साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी ५३ ब्रिटिश होते.

मला या चौकशीचं सगळ्यात मोठं बळ तिच्या वेळेत दिसतं. माणसाची आठवण जागच्या जागी राहत नाही. चार माणसं एकत्र बसून बोलली की एकाने पाहिलेलं दुसऱ्याच्या आठवणीत शिरतं, वर्तमानपत्रात वाचलेलं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटू लागतं. इथे बिनतारी यंत्रावरचा तरुण हॅरॉल्ड ब्राइड साक्षीला आला, तेव्हा त्याच्या पायाच्या जखमाही भरल्या नव्हत्या. बोट बुडून आठवडासुद्धा झाला नव्हता.

लंडनच्या वर्तमानपत्रांनी मात्र स्मिथ यांची मनसोक्त टिंगल केली. त्यांना बोटीतलं काही कळत नाही, असा सूर होता. हिमनग कशाचा बनलेला असतो, असं त्यांनी पाचवे अधिकारी हॅरॉल्ड लोव यांना विचारलं, तेव्हा बर्फाचा असावा, असं उत्तर आलं. जलरोधक कप्प्यांत प्रवासी आसरा घेऊन बसले असतील का, हाही प्रश्न त्यांनी विचारला. पण हे प्रश्न त्या बाळबोध रूपातच विचारायला हवे होते. घरी बसलेल्या नातेवाइकांच्या मनात नेमकी हीच शंका होती की आपला माणूस एखाद्या बंद कप्प्यात अजून जिवंत असेल. जाणकाराने हा प्रश्न विचारला नसता आणि मग त्याचं उत्तर कागदावर कधीच आलं नसतं. टेहळणीवर असलेल्या फ्रेडरिक फ्लीटला त्यांनी असंच साधं विचारलं, दुर्बीण असती तर हिमनग किती आधी दिसला असता? बोट वळवून बाजूला नेता यावी इतका आधी, असं तो म्हणाला. साउदॅम्प्टन सोडल्यापासून टेहळणीच्या माणसांना दुर्बीण मिळालीच नव्हती, हे जगाला असं कळलं.

लंडनलाही चौकशी झाली, पण ती वेगळ्या घडणीची होती. २ मे १९१२ रोजी बकिंगहॅम गेटजवळच्या एका ड्रिल हॉलमध्ये ती सुरू झाली. अध्यक्ष लॉर्ड मर्सी, सोबत पाच तज्ज्ञ सल्लागार, भिंतीवर बोटीची मोठी प्रतिकृती आणि उत्तर अटलांटिकचा नकाशा. हॉल असा की बोललेलं धड ऐकू यायचं नाही. ३६ दिवस काम चाललं आणि प्रश्नांना एकापुढे एक क्रमांक पडत गेले, ते २५,६२२ पर्यंत. या क्रमांकांचे फार उपकार आहेत, कारण आजही कुणाला एखादं उत्तर दाखवायचं तर नुसता आकडा सांगून भागतं.

इथे साक्षीदाराची पाळी कशी चालायची ते बघू. आधी सरकारच्या बाजूने ॲटर्नी जनरल सर रूफस आयझॅक्स किंवा त्यांचे सहकारी साक्षीदाराकडून हकीकत काढून घेत. मग खलाशांच्या संघटनेचे टॉमस स्कॅनलन, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांतर्फे हार्बिन्सन, कंपनीतर्फे सर रॉबर्ट फिन्ले असे वकील उलटतपासणी घेत. मध्येच लॉर्ड मर्सी स्वतः प्रश्न टाकत. सगळ्या चौकशीला चौकट होती २६ प्रश्नांची. ते प्रश्न तयार केले होते बोर्ड ऑफ ट्रेडने, म्हणजे सागरी वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने.

आणि याच खात्याचा जीवरक्षक होड्यांचा नियम मुळात वादात होता. १८९४ पासूनच्या त्या नियमाची शेवटची पायरी १० हजार टनांवर थांबलेली होती. त्याहून मोठ्या बोटीला १६ होड्या पुरेत. टायटॅनिक ४६ हजार टनांच्या वर होती. तिच्यावर होड्या होत्या २०, जागा ११७८ माणसांची, आणि बोटीवर माणसं सुमारे २२००. कायद्याने पाहिलं तर टायटॅनिकवर गरजेपेक्षा जास्तच होड्या होत्या! ज्या खात्याने हा नियम जुना होऊ दिला, त्याच खात्याने चौकशीचे मुद्दे ठरवावेत, हे मला आजही खटकतं. लॉर्ड मर्सींच्या अहवालाने खात्याला नियम वेळेवर न बदलल्याचा बोल लावला, पण आवाज सौम्य होता.

साक्षीला कुणाला बोलावलं, यावर चौकशीचा निम्मा निकाल ठरतो. लंडनमध्ये इस्मे सोडले तर बोटीवरच्या प्रवाशांपैकी दोघांचीच साक्ष झाली, सर कॉस्मो डफ-गॉर्डन आणि त्यांच्या पत्नीची. त्यांच्या होडीत ४० जणांची जागा असून १२ जण होते, आणि सर कॉस्मो यांनी त्यातल्या खलाशांना प्रत्येकी पाच पौंड देऊ केले होते. ते परत न वळण्यासाठी दिले का, असा संशय लोकांत पसरला होता. लॉर्ड मर्सींनी लाच दिल्याचा आरोप फेटाळला. तिसऱ्या वर्गातला मात्र एकही प्रवासी बोलावला गेला नाही, आणि अहवालात निष्कर्ष आला की त्यांना अन्यायाने वागवलं गेलं नाही. त्याच अहवालातल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या वर्गातले ३२५ पैकी २०३ वाचले होते, तिसऱ्या वर्गातले ७०६ पैकी १७८.

अमेरिकेत तिसऱ्या वर्गातले तिघे बोलले. त्यातला डॅनिएल बकली हा आयरिश तरुण काय म्हणाला, ते नीट ऐकण्यासारखं आहे. पहिल्या वर्गाच्या डेककडे जाणाऱ्या जिन्याच्या वर एक छोटं फाटक होतं. वर जाणाऱ्या एका माणसाला खलाशाने खाली ढकललं आणि फाटकाला कुलूप घातलं. त्या माणसाने चिडून ते फोडलं. सुरुवातीला आम्हाला खालीच ठेवायला बघत होते, असं बकलीने स्वच्छ सांगितलं. आणि त्याच साक्षीत, आमच्या लोकांना वर यायची संधी होती असं वाटतं, असंही तो म्हणाला. दोन्ही उत्तरं त्याचीच. पुढे कुणी पहिलं उचललं, कुणी दुसरं. एका माणसाची साक्ष अशी अर्धी उचलली की ती वाटेल त्या बाजूने उभी करता येते. दोन्ही उत्तरं एकत्र ठेवली तरच त्या रात्रीचा जिना दिसतो: एकीकडे अडवणारे काहीजण, दुसरीकडे फुटलेलं फाटक, आणि रस्ता दाखवायला जवळजवळ कुणी नाही.

आता सगळ्यात बोलका वाद. बोट बुडताना मोडली की अखंड गेली? एडवर्ड बुली आणि फ्रँक ऑस्मन हे साधे खलाशी. त्यांनी अमेरिकेत सांगितलं की ती शेवटी मोडली, मागचा भाग वेगळा होऊन पाण्यावर सरळ झाला आणि मग गेला. वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ असलेले चार्ल्स लाइटोलर यांनी सांगितलं, बोट अखंड गेली. तिसरे अधिकारी हर्बर्ट पिटमन यांचंही मत तेच. रात्र अमावास्येच्या आसपासची, शेवटच्या क्षणी दिवे गेलेले, होड्या निरनिराळ्या अंतरांवर. एकाच घटनेची दोन चित्रं तयार व्हावीत यात नवल नाही. पण निवड करायची वेळ आली तेव्हा दोन्ही चौकशांनी अधिकाऱ्यांचा शब्द उचलला. अमेरिकन अहवालाने निदान साक्षी परस्परविरोधी आहेत हे नोंदवलं. ब्रिटिश अहवालाने बोट दुभंगली नाही असं ठामपणे लिहिलं.

१ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि झाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला सुमारे ३८०० मीटर खोलीवर टायटॅनिक सापडली. ती दोन तुकड्यांत होती, एकमेकांपासून सुमारे ६०० मीटरवर. ७३ वर्षं खलाशांचं म्हणणं घाबरलेल्या माणसांचा भास म्हणून बाजूला पडलं होतं. लाइटोलर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. ते स्वतः पाण्यात होते, उलट्या होडीवर रात्र काढून वाचले. पण कंपनीला आणि बोर्ड ऑफ ट्रेडला सांभाळून घ्यायचा दबाव लंडनमध्ये आपल्यावर होता, याची कबुली त्यांनी १९३५ च्या आपल्या आठवणींत दिली आहे. त्यांचा शब्द तोलताना हेही पारड्यात टाकायला हवं होतं.

याउलट साक्षीचा नीट उपयोग झाला तर काय हाती लागतं, हे बॉयलरखान्यात दिसतं. फ्रेडरिक बॅरेट हा कोळसा टाकणाऱ्यांचा म्होरक्या, सहाव्या बॉयलरखान्यात उभा. लाल दिवा लागला, दार लावा असा पुकारा झाला, तोच धडक बसली आणि बोटीच्या बाजूतून पाणी आत आलं, पायाखालच्या पत्र्यांपासून साधारण दोन फुटांवर. तो उडी मारून शेजारच्या पाचव्या बॉयलरखान्यात गेला, तर तिथल्या कोळशाच्या कोठीतही पाणी. २५ मे रोजी सिनेटर स्मिथ टायटॅनिकची जुळी बोट ऑलिंपिक न्यूयॉर्कला आली असताना तिच्या बॉयलरखान्यात उतरले. बॅरेट तेव्हा तिथे कामावर होता. जागा तशीच, बॉयलर तसेच. कुठे उभा होतास, पाणी कुठून आलं, हे त्याने तिथेच सांगितलं.

बोट बांधणाऱ्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीचे एडवर्ड वाइल्डिंग यांनी लंडनमध्ये अशाच साक्षी जुळवून गणित मांडलं. कोणत्या कप्प्यात किती वेळात किती पाणी चढलं, हे पाहणारे होते. त्यावरून भोक केवढं असेल ते काढता येत होतं. त्यांचं उत्तर आलं सगळं मिळून सुमारे १२ चौरस फूट, म्हणजे घराच्या एका दारापेक्षाही कमी. लोक मात्र पुढे कित्येक वर्षं ३०० फूट लांबीच्या चिरेची गोष्ट सांगत राहिले. १९९६ च्या मोहिमेत चिखलात रुतलेल्या नाळेची ध्वनिलहरींनी तपासणी झाली, तेव्हा सहा अरुंद फटी दिसल्या आणि बेरीज वाइल्डिंग यांच्या आकड्याजवळच आली. समोर पाणी चढताना पाहिलेल्या माणसांनी दिलेली साधी उत्तरं आणि एका जहाजबांधणीतज्ज्ञाची त्रैराशिकं, एवढ्यावर हे जमलं.

कॅलिफोर्नियन या बोटीचं प्रकरण अधिक दुखरं आहे. बर्फामुळे ती रात्रभर टायटॅनिकपासून काही अंतरावर उभी होती. तिच्यावरचा अर्नेस्ट गिल याने बॉस्टनमध्ये शपथेवर सांगितलं की त्याने मध्यरात्रीनंतर रॉकेटं पाहिली. हकीकतीसाठी वर्तमानपत्राकडून ५०० डॉलर घेतल्याचंही त्याने कबूल केलं. पैसे घेतले म्हणून साक्ष खोटी ठरते का? लंडनमध्ये उत्तर मिळालं. पहाऱ्यावरचे दुसरे अधिकारी हर्बर्ट स्टोन आणि शिकाऊ जेम्स गिब्सन यांनी मिळून आठ पांढरी रॉकेटं पाहिली होती आणि कॅप्टन स्टॅन्ली लॉर्ड यांना खाली कळवलंही होतं. बोटीच्या नोंदवहीत रॉकेटांचा उल्लेखच नव्हता.

अहवालाने कॅप्टन लॉर्ड यांच्यावर कठोर ठपका ठेवला. ते आले होते साक्षीदार म्हणून, आणि पुन्हा उभं राहून त्या ठपक्याला उत्तर द्यायची संधी त्यांना मिळाली नाही. चौकशी आणि खटला यांतली रेघ इथे पुसली गेली, असं मला वाटतं. १९९२ मध्ये ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने हे प्रकरण पुन्हा पाहिलं. दोन बोटींतलं अंतर किती, यावर तिथल्याच तपासकांत मतभेद राहिले. पण रॉकेटं टायटॅनिकचीच होती आणि त्यावर जे करायला हवं होतं ते झालं नाही, याबद्दल दुमत नव्हतं.

ब्रिटिश अहवाल ३० जुलै १९१२ ला आला. बुडण्याचं कारण दिलं ते अतिवेगामुळे हिमनगाशी झालेली टक्कर. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला: सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या, अखंड बिनतारी पहारा, हिमनगांवर गस्त. नुकसानभरपाईचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात वेगळा चालला. तिथे दावेदारांनी १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर मागितले होते. १९१६ मध्ये ६ लाख ६४ हजारांवर तडजोड झाली. त्या दाव्यासाठी घेतलेल्या जबान्यांत एलिझाबेथ लाइन्स या पहिल्या वर्गातल्या प्रवासी बाईंनी सांगितलं की इस्मे कॅप्टनशी बोटीच्या वेगाबद्दल आणि लवकर पोचण्याबद्दल बोलताना त्यांनी ऐकलं होतं. दोन्ही चौकशांनी त्यांना बोलावलंच नव्हतं.

दोन्ही चौकशांचं शब्दन् शब्द टिपण आज कुणालाही वाचता येतं. वाचायचं तर प्रत्येक साक्षीच्या वेळी आधी तारीख बघावी, मग तो माणूस कोणत्या होडीत होता आणि ती बोटीपासून किती लांब होती, मग तो कुणाच्या पगारावर होता, आणि नंतर उत्तराकडे वळावं. सुरुवात बॅरेटपासून करावी, मग बुली, ऑस्मन आणि त्यानंतर लाइटोलर. गिब्सन आणि स्टोन यांच्या साक्षी मात्र एकाच बैठकीत, लागोपाठ वाचाव्यात. एकाच पहाऱ्यावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी गिब्सन सांगतो की कुणी उगाच रॉकेटं सोडत नाही असं स्टोन तेव्हाच म्हणाले होते, आणि स्टोन यांच्याकडून तेवढंच काढून घ्यायला वकिलांना किती प्रश्न विचारावे लागले ते क्रमांक मोजून बघता येतं.